अक्षरे मावत नाहीत तेव्हा : संगणकाच्या गाभ्यातील एक जुनी चूक

सरकारी कचेरीतला किंवा बँकेतला छापील अर्ज प्रत्येकाने कधी ना कधी भरलेला असतो. नावासाठी त्यात चौकटी आखलेल्या असतात. एका चौकटीत एक अक्षर. समजा, चौकटी सोळा आहेत आणि अर्जदाराचे नाव वीस अक्षरांचे आहे. अशा वेळी कारकुनापुढे तीन मार्ग असतात. पहिला, उरलेली चार अक्षरे पुढच्या रकान्यात लिहून मोकळे होणे. दुसरा, सोळा अक्षरांनंतर नाव तोडणे आणि कोणाला काही न सांगणे. तिसरा, ‘नाव मावत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत करणे.

पहिला मार्ग वरवर निरुपद्रवी वाटतो. पण पुढचा रकाना ‘अधिकाऱ्याचा निर्णय’ असा असेल तर? एखाद्या चतुर अर्जदाराने आपले नाव मुद्दाम असे रचले की सोळा चौकटी भरल्यावर जे शब्द पुढच्या रकान्यात सांडतात ते ‘मंजूर’ असे वाचले जातात, तर अर्ज अधिकाऱ्यापर्यंत न जाताच मंजूर होईल. हसू येण्यासारखी ही कल्पना संगणकाच्या जगात गेली चार दशके अगदी अशीच घडत आली आहे. तिला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात. आपल्या खिशातल्या फोनपासून रुग्णालयातल्या आणि बँकेतल्या सर्व्हरपर्यंत सर्व यंत्रे ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, त्या सिस्टिमच्या गाभ्यातील कारकून हेच काम दर सेकंदाला लाखो वेळा करीत असतो : एका जागची अक्षरे उचलायची आणि दुसऱ्या जागी मांडायची. ती सुरक्षितपणे कशी मांडावीत, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जगातील उत्तम प्रोग्रामरांना पन्नास वर्षे लागली आणि ते काम अजूनही संपलेले नाही.

शेवट कोठे, हे कोण सांगणार?

मुळात हा प्रश्न निर्माण झाला तो ‘सी’ या भाषेच्या एका निर्णयातून. अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात नव्याने लिहिली गेली. आजचा लिनक्स, ॲपलच्या प्रणालींचा पाया, विंडोजचा मोठा भाग आणि अँड्रॉइडचा गाभा याच भाषेत आहे.

अक्षरांची माळ, म्हणजे ‘स्ट्रिंग’, संगणकाच्या स्मृतीत ठेवायची तर तिची लांबी कोठेतरी नोंदवावी लागते. त्याच्या दोन रीती आहेत. एक, माळेच्या आरंभी लांबीचा आकडा लिहून ठेवायचा. पास्कल या भाषेच्या अनेक आवृत्त्यांत ही रीत होती. आकडा एका बाइटचा असल्याने २५५ अक्षरांपलीकडे तेथे जाता येत नसे. दुसरी, लांबी कोठेच लिहायची नाही. माळ संपली की एक शून्याचा बाइट ठेवायचा. वाचणाऱ्याने शून्य दिसेपर्यंत वाचत जावे. ‘सी’ने दुसरी रीत स्वीकारली. रिची यांनी पुढे लिहिले आहे की, लांबीवर मर्यादा पडू नये हा त्यामागे हेतू होता आणि आकडा सांभाळण्यापेक्षा शेवटची खूण ठेवणे त्यांना सोयीचे वाटले होते. स्मृती मोजूनमापून वापरावी लागत असे त्या काळात हा निर्णय अवाजवी नव्हता. तरीही पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरने २०११ मध्ये एका लेखात या निर्णयाला एका बाइटची सर्वांत महागडी चूक ठरवले.

महागडी का, ते पाहण्यासारखे आहे. या भाषेतील अक्षरे नकलण्याच्या सर्वांत जुन्या आज्ञेचे नाव ‘स्ट्रकॉपी’. तिला दोन पत्ते द्यायचे : कोठून आणि कोठे. ती पहिल्या पत्त्यावरील एकेक बाइट उचलते, दुसऱ्या पत्त्यावर ठेवते आणि शून्य भेटले की थांबते. दुसऱ्या पत्त्यावर जागा किती आहे, हे तिला कोणी सांगत नाही आणि ती विचारीतही नाही. तात्पुरत्या साठवणुकीसाठी राखलेल्या त्या जागेला ‘बफर’ म्हणतात. बफर सोळा बाइटांचा आणि माळ पन्नास बाइटांची असली, तर उरलेले चौतीस बाइट शेजारच्या स्मृतीवर जाऊन बसतात. शून्य तर लिहायचेच असते, म्हणून प्रत्यक्षात पस्तीस.

शेजारी काय असते? प्रोग्राममधील एक काम दुसऱ्या कामाला बोलावते, तेव्हा ‘स्टॅक’ नावाच्या स्मृतिभागात त्या कामाचे बफर मांडले जातात. आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर, काम संपल्यावर कोठे परतायचे, तो पत्ताही लिहिलेला असतो. बहुतेक यंत्रांत स्टॅक वरून खाली वाढतो आणि नक्कल खालून वर जाते. त्यामुळे बफरबाहेर सांडलेली अक्षरे नेमकी या परतीच्या पत्त्याकडे सरकतात. माळ पाठवणारा हुशार असेल, तर तो त्या ठिकाणी आपल्याला हवा तो पत्ता लिहितो. काम संपते, यंत्र परतते. पण घरी नव्हे, चोराने दाखवलेल्या वाटेने. अर्जावरचा ‘मंजूर’ हा शब्द तो हाच.

२ नोव्हेंबर १९८८

ही शक्यता कागदावरची नाही, हे जगाला २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळले. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या तरुणाने त्या दिवशी एक आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. उगम लपावा म्हणून त्याने तो एमआयटीच्या यंत्रावरून सोडला होता. पसरण्यासाठी तो अनेक वाटा वापरीत असे. त्यांतील एक वाट ‘फिंगर’ या सेवेतून जात होती. एखाद्या संगणकावर या घटकेला कोण काम करीत आहे, हे सांगणारी ती निरागस सेवा. आलेली ओळ वाचण्यासाठी तिने ५१२ बाइटांचा बफर ठेवला होता आणि वाचण्याचे काम ‘गेट्स’ या आज्ञेवर सोपवले होते. ‘गेट्स’ ही ‘स्ट्रकॉपी’ची सख्खी बहीण; किती वाचायचे, हे तिला सांगण्याची सोयच नाही. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. जास्तीच्या चोवीस बाइटांनी परतीचा पत्ता बदलला आणि यंत्र ताब्यात आले.

त्या वेळी इंटरनेटला जोडलेल्या सुमारे साठ हजार संगणकांपैकी सहा हजार बाधित झाले, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. मॉरिसला १९९० मध्ये तीन वर्षांची देखरेखीखालील मुक्तता, ४०० तास समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. संगणक-आणीबाणी हाताळणारे पहिले केंद्र, सर्ट, त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झाले. ‘गेट्स’ ही आज्ञा मात्र ‘सी’च्या प्रमाणग्रंथात पुढची तेवीस वर्षे टिकली, २०११च्या आवृत्तीत ती कायमची काढून टाकण्यात आली.

मधल्या काळात याच जातीच्या चुकांनी वारंवार किंमत वसूल केली. जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ नावाचा अवघ्या ३७६ बाइटांचा किडा मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमधील बफर ओव्हरफ्लोवाटे पसरला आणि सापडण्याजोग्या बहुतेक यंत्रांपर्यंत दहा मिनिटांत पोहोचला. ती चूक सुधारणारे अपडेट सहा महिने आधीच उपलब्ध होते. ते बसवायचे राहून गेले होते, इतकेच. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल हाताळणाऱ्या भागात बफर ओव्हरफ्लो उघडकीस आला. फोन न उचलताही त्यातून हेरगिरीचे सॉफ्टवेअर आत शिरू शकत होते. जगभरातील सुमारे १,४०० जण त्याचे लक्ष्य ठरले आणि त्यांत भारतातील पत्रकार व मानवाधिकार कार्यकर्तेही होते, हे त्याच वर्षी कंपनीने जाहीर केले. व्हॉट्सॲप ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. पण चुकीची जात तीच.

अर्धवट औषधे

मग मर्यादा सांगता येईल अशी आज्ञा का काढली नाही, असे वाचक विचारतील. काढली होती, निदान तसा समज होता. ‘स्ट्रएनकॉपी’ या आज्ञेला तिसरा आकडा देता येतो : जास्तीत जास्त किती बाइट नकलायचे. अनेक पाठ्यपुस्तकांनी तिला ‘सुरक्षित नक्कल’ म्हटले. पण तिचा जन्म निराळ्याच कामासाठी झाला होता. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये फोल्डरमधील प्रत्येक फाइलची नोंद सोळा बाइटांची असे. दोन बाइट क्रमांकाला आणि चौदा नावाला. नाव चौदाहून लहान असेल तर उरलेल्या जागी शून्ये भरायची. बरोबर चौदा असेल तर शून्य ठेवायचेच नाही, कारण चौकट तेथे संपतेच. या ठरावीक मापाच्या रकान्यासाठी ‘स्ट्रएनकॉपी’ चोख आहे.

सामान्य वापरात मात्र तिच्यात दोन दोष निघतात. माळ बफरएवढी किंवा त्याहून मोठी असली, तर ती शेवटचे शून्य लिहीत नाही. लिहिताना काही सांडत नाही, हे खरे. पण नंतर ती माळ वाचणारा शून्याच्या शोधात बफरची सीमा ओलांडतो आणि शेजारच्या स्मृतीतले, कदाचित कोणाच्या पासवर्डचे, तुकडे वाचत सुटतो. दुसरा दोष, चार हजार बाइटांच्या बफरमध्ये पाच अक्षरे ठेवायची असली, तरी ती उरलेल्या हजारो घरांत शून्ये भरत बसते.

१९९८ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीचे टॉड मिलर आणि थिओ दि राट यांनी ‘स्ट्रएलकॉपी’ आणली. ती शेवटचे शून्य न चुकता लिहिते, नाहक शून्ये भरत नाही आणि मूळ माळ किती लांब होती, तो आकडा परत देते. तो आकडा बफरच्या मापाएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर माळ कापली गेली असे समजावे. ही सुधारणा खरी होती. तरी लिनक्सवरील मुख्य सी-लायब्ररीच्या देखभालकर्त्यांनी ती वर्षानुवर्षे नाकारली. तिथे ती २०२३ साली २.३८ या आवृत्तीत आली. माळ गुपचूप कापली जाणे हीही चूकच आहे आणि अशी आज्ञा ती चूक झाकते, असा त्यांचा एक आक्षेप होता. तो निव्वळ हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. ‘जुना हिशेब’ या फोल्डरमधील ‘रद्द’ हा उपफोल्डर पुसण्याची आज्ञा दिली आणि पत्ता मध्येच तुटून ‘जुना हिशेब’ एवढाच उरला, तर काहीही न सांडता सगळा हिशेब नाहीसा होईल.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘स्ट्रएलकॉपी’ची आणखी एक अडचण होती. मूळ माळेची लांबी सांगायची तर ती शेवटपर्यंत वाचावी लागते. हवे असलेले पंधरा बाइट मिळाले तरी वाचन थांबत नाही. मूळ माळेला शून्यच नसेल, तर हे वाचन स्मृतीत भरकटते. कर्नलला मिळणाऱ्या माळा अनेकदा परक्या असतात : एखाद्या यंत्राकडून आलेल्या, नेटवर्कवरून आलेल्या, किंवा वाचता वाचता दुसऱ्या प्रोसेसरने बदललेल्या. परक्याच्या कागदावर शेवटची खूण असेलच, असे गृहीत धरणे हाच मुळात धोका होता.

म्हणून २०१५ साली लिनक्सच्या ४.३ या आवृत्तीत ‘स्ट्रएसकॉपी’ दाखल झाली. ती बफरच्या मापापलीकडे वाचतही नाही आणि लिहीतही नाही. शेवटचे शून्य नेहमी ठेवते. आणि माळ मावली नाही तर मोठा आकडा देण्याऐवजी थेट चुकीची खूण, ऋण आकडा, परत देते. कारकुनाचा तिसरा मार्ग तो हाच : ‘नाव मावत नाही.’ तिच्या जोडीला पुढे तिचेच एक भावंड आले. ते उरलेल्या घरांत शून्येही भरते. कर्नलमधील बफर वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडे सोपवायचा असेल, तर रिकाम्या घरांत आधीच्या कामाचा मजकूर राहून गेलेला असू शकतो. तो बाहेर जाऊ नये म्हणून ही दक्षता.

नवी आज्ञा आली म्हणून जुनी एका रात्रीत गेली नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती स्वीकारतानाच बजावले होते की, सरसकट बदल करणाऱ्यांची रांग नको. विचार न करता केलेल्या अशा बदलांतूनच नव्या चुका शिरतात. दोन्ही आज्ञा वेगवेगळे आकडे परत देतात. नाव बदलले आणि पुढची तपासणी तशीच ठेवली, तर ती निरर्थक होते. त्यामुळे एकेक जागा वाचून, समजून बदलावी लागली. लिनक्स कर्नलमधून ‘स्ट्रएलकॉपी’ पूर्णपणे गेली ती मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.८ या आवृत्तीत. आठ वर्षांहून अधिक काळ शेकडो हातांनी केलेले हे काम कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही.

आपल्या लिपीचा हिशेब

मराठी वाचकाला या प्रकरणात एक खास रस असायला हवा. वर ‘अक्षरे’ असा शब्द सोयीसाठी वापरला. पण कर्नल अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात; आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे आहेत.

लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक कामाचे नाव ठेवण्यासाठी बरोबर सोळा बाइटांची जागा असते. एक शून्याला, उरलेले पंधरा नावाला. रोमन लिपीत पंधरा अक्षरे मावतात. देवनागरीत मावतात पाच चिन्हे. ‘मडगाव’ हे नाव पाच चिन्हांचे आहे : म, ड, ग, काना आणि व. पंधरा बाइट आणि एक शून्य, काठोकाठ मावले. ‘म्हापसा’ला मात्र सात चिन्हे लागतात : म, हलन्त, ह, काना, प, स आणि काना. एकवीस बाइट झाले. पंधरानंतर तोडले की उरते ‘म्हाप’. जागा सतरा बाइटांची असती, तर याहून वाईट झाले असते : सोळावा बाइट हा ‘स’च्या तीन तुकड्यांपैकी पहिला. पडद्यावर ‘म्हाप’नंतर प्रश्नचिन्ह किंवा रिकामी चौकट दिसली असती. मोबाइलवरील मराठी संदेशांच्या शेवटी किंवा जुन्या कार्यालयीन प्रणालींत छापलेल्या नावांत अशा विचित्र चौकटी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांची कारणे एकाहून अधिक असतात. त्यांतले एक हे, की कोणीतरी ‘पन्नास अक्षरे’ असे मनात धरून पन्नास बाइट राखले आणि तेथेच तोडले.

याच प्रणालीत योग्य वागणुकीचे उदाहरणही आहे. लिनक्समध्ये फाइलच्या नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. एखाद्या लांबलचक मराठी लेखाचे शीर्षकच फाइलला देऊ पाहिले, तर प्रणाली ‘नाव फार लांब आहे’ असे सांगून नकार देते. चौदा बाइटांच्या काळातले युनिक्स असे न सांगता नाव तोडून टाकीत असे. मग पहिली चौदा अक्षरे समान असलेल्या दोन फाइली एकच ठरत आणि एकीवर दुसरी लिहिली जाई. नकार ऐकायला कडू असतो, पण त्यात काही हरवत नाही.

मोजण्याचा प्रश्न

चांगली आज्ञा हाती असूनही चूक कशी होते, याचा एक नमुना जानेवारी २०२१ मध्ये समोर आला. ‘सुडो’ हा युनिक्स-लिनक्समधला पहारेकरी. सामान्य वापरकर्त्याला मुख्य चालकाचे अधिकार केव्हा द्यायचे, हे तोच ठरवतो. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की, विशिष्ट रीतीने बोलावल्यास आणि शेवटचा शब्द एकाच उलट्या तिरक्या रेघेने संपवल्यास सुडोची नक्कल शेवटच्या शून्यावरून उडी मारून पुढे जाते. रेघेनंतरचे चिन्ह जसेच्या तसे उचलायचे, असा नियम होता. ते ‘चिन्ह’ म्हणजेच माळेचा शेवट असू शकतो, हे लक्षात राहिले नव्हते. बफर आधी मोजलेल्या लांबीनुसार घेतलेला होता. नक्कल करणारा फेरा वेगळे मोजत होता. दोन मोजण्यांत मेळ नव्हता. कोणताही साधा वापरकर्ता या फटीतून मुख्य चालक होऊ शकत होता. ही चूक जुलै २०११ मध्ये शिरली होती आणि जवळजवळ दहा वर्षे, हजारो डोळ्यांसमोर, तशीच होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कोणती आज्ञा वापरली, याहून मोठा प्रश्न जागा किती हे कोणी मोजले आणि ते माप नकलेपर्यंत खरे राहिले का, हा आहे. ‘सी’मध्ये बफर एका कामाकडून दुसऱ्याकडे सोपवला की सोबत फक्त त्याचा पत्ता जातो, माप जात नाही. तिथे ‘याचे माप किती’ असे विचारले, तर आजच्या यंत्रांवर उत्तर बहुधा आठ येते. ते बफरचे नव्हे, पत्त्याचे माप असते. म्हणूनच लिनक्समध्ये २०२४ पासून ‘स्ट्रएसकॉपी’ माप न देताही लिहिता येते; बफरचे माप उघड असेल तेथे ते कंपायलरच काढतो आणि माणसाच्या चुकीला वाव उरत नाही.

याशिवाय चूक झालीच तर नुकसान थोपवणारे बांधही घातले गेले. १९९८ मध्ये ‘स्टॅकगार्ड’ने परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त आकडा ठेवण्याची युक्ती आणली; तो बदललेला दिसला की प्रोग्राम तत्काळ बंद होतो. खाणीतील विषारी वायू ओळखण्यासाठी कामगार कॅनरी पक्षी नेत, त्यावरून या आकड्याला ‘कॅनरी’ म्हणतात. स्मृतीतील पत्ते दर वेळी बदलणे, मजकुराच्या जागेतून आज्ञा चालू न देणे, मापे माहीत असतील तेथे नकलेआधी तपासणे, हे त्याच मालिकेतले उपाय. आपल्याकडच्या खाजन शेतीत बाहेरचा बांध असतो, मानस असते आणि आत शेतांचे छोटे बांधही असतात. एक फुटला तरी खारे पाणी सगळ्या शेतात शिरू नये म्हणून. येथील विचार तोच आहे. पण बांध भक्कम आहे म्हणून मानसेची फळी कुजू देणारा शेतकरी शहाणा म्हणता येणार नाही.

मुळावरचा उपाय म्हणजे माप माळेपासून वेगळेच होऊ न देणारी भाषा. ‘रस्ट’ या भाषेत माळेसोबत तिची लांबी नेहमी असते आणि सीमा ओलांडण्याचा प्रयत्न एकतर आधीच नाकारला जातो किंवा प्रोग्राम थांबतो. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१ या आवृत्तीत तिला प्रवेश मिळाला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की, दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात. अँड्रॉइडमध्ये नवा भाग सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण ठेवल्यावर हेच प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, असे गूगलने जाहीर केले. जुना सोर्स कोड मात्र कोट्यवधी ओळींचा आहे. तो उद्या नाहीसा होणार नाही. तो सांभाळणाऱ्यांना ‘सी’ची जुनी दुखणी माहीत असावीच लागतील.

वर्गातला प्रश्न

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात ‘सी’च्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका विद्यार्थिनीने नाव विचारून नमस्कार करणारा प्रोग्राम लिहिला होता. वीस बाइटांचा बफर आणि वाचायला ‘गेट्स’. प्रयोगशाळेतील कंपायलर नव्वदच्या दशकातला होता. त्याने काही कुरकुर केली नाही. मी ‘आशा’ असे नाव टाइप केले, नमस्कार आला, मी पूर्ण गुण दिले. घरी परतताना लक्षात आले की आपण वीस बाइटांहून मोठे नाव टाकून पाहिलेच नाही. तिचे स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, तेथे मावले नसते. तिने जे पुस्तकात वाचले तेच लिहिले होते. प्रश्न मला विचारायचा होता आणि मी तो विचारला नाही.

गोव्यातून, बेळगावातून, इंदुरातून दरवर्षी अनेक मुले-मुली या क्षेत्रात जातात. त्यांच्यातील कोणाच्या हाती उद्या रुग्णालयातील यंत्राचा, वीजकेंद्राच्या नियंत्रकाचा किंवा मोटारीच्या ब्रेकचा प्रोग्राम असेल. ‘चालते ना?’ या प्रश्नाबरोबरच ‘मावले नाही तर काय होते?’ हा प्रश्न त्यांना पहिल्याच वर्षी विचारला गेला पाहिजे. उत्तरही तोंडी नको. बफरहून एक बाइट मोठी, बरोबर बफरएवढी, रिकामी आणि देवनागरीतली, अशा चार माळा टाकून दाखवावी. ‘गेट्स’ शिकवणारा अभ्यासक्रम बदलण्यास फार खर्च येत नाही. लांबी घेणारी ‘एफगेट्स’ ही आज्ञा त्याच भाषेत त्याच पानावर असते. चुका दाखवणारे नवे कंपायलर विनामूल्य मिळतात.

प्रोग्राम न लिहिणाऱ्या वाचकाच्या हाती एकच गोष्ट आहे, पण ती लहान नाही. फोनवर किंवा संगणकावर ‘सुरक्षा अपडेट’ची सूचना येते, तेव्हा तिच्यामागे अनेकदा अशीच एखादी ओळ असते : सोळा बाइटांच्या जागी सतरा लिहिणारी. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की चूक कोठे होती, हे हल्लेखोरांनाही कळते आणि अपडेट न केलेली यंत्रे शोधणे सुरू होते. स्लॅमरने ज्यांना गाठले, त्यांच्यासाठी उपाय सहा महिने वाट पाहत होता. आपल्या कार्यालयातील, पतसंस्थेतील, शाळेतील संगणक शेवटचे केव्हा अपडेट झाले, एवढे उद्या विचारून पाहावे. उत्तर देणाऱ्याला आठवावे लागत असेल, तर काम तेथूनच सुरू करायला हवे.